सांग पाहू, काय समजलं?

"सर, आभा म्हन्जे काय जी?"

२०२४ च्या तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. पोरं लाकडी बैल घेऊन गल्लीतून फिरत होती आणि मी ओट्यावर बसून त्यांना खाऊ वाटत होतो. विचारणारा माझा एक जुना विद्यार्थी. शाळा त्याने नववीतच सोडली, पण हात चांगला. आमचं परतवाडा म्हणजे सागवानाचं गाव, मेळघाटचं लाकूड इथे उतरतं. त्यामुळे सुतारकामाला तोटा नाही, आणि तो त्यात बऱ्यापैकी रुळला आहे.

मी मराठीचा मास्तर. सवयीनं सांगून टाकलं, "आभा म्हणजे तेज, कांती. चेहऱ्यावर आभा आहे असं म्हणतो ना आपण."

तो हसला नाही. त्याने शर्टाच्या खिशातून एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे कार्ड त् माह्याजोळ होतं ना सर. मंग पैसे काहून लागले?"

हकीगत अशी. आठवडाभरापूर्वी रात्री त्याच्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढून ताबडतोब अमरावतीला न्यायला सांगितलं. अमरावती इथून पन्नासेक किलोमीटर. गाडी केली आणि जो दवाखाना आधी आठवला तिथे नेलं. काउंटरवर मोठ्या विश्वासाने कार्ड दाखवलं. तिथल्या मुलीने ते उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं, हे इथे चालत नाही. अॅन्जिओप्लास्टी झाली, बाई वाचली. बिल दीड लाखाच्या वर गेलं. बायकोची पोत गहाण पडली आणि उरलेले पैसे एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घ्यावे लागले. ती उचल तो अजून कामातून फेडतो आहे.

आता यातला माझा भाग सांगतो. हा लेख लिहायला बसलो तो त्यासाठीच. ते कार्ड ज्या शिबिरात निघालं, तिथे मी होतो. आमच्या वस्तीत कार्डांचं शिबिर लागलं, तेव्हा लोकांची नावं, जन्मतारखा, मोबाईल नंबर कागदावर लिहून द्यायला दोन दिवस मी चष्मा पुसत बसलो होतो. निवृत्त माणूस, तेवढीच समाजसेवा! हा आला तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, "काढून घे. पाच लाखांपर्यंतचा दवाखाना फुकट होतो यावर." मला तसंच वाटत होतं. शिबिराच्या टेबलावर दोन प्रकारची कार्डं निघत होती हे मला कळलंच नाही. आभा शब्दाचा अर्थ मला येत होता, पण त्या कार्डाचा येत नव्हता.

त्यानंतर मी हे सगळे शब्द नीट समजून घ्यायचं ठरवलं. आमच्या गावातल्या एका आशाताईला (तीही जुनी विद्यार्थिनी) धरलं. दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या एका मुलाला चहा पाजून पाजून प्रश्न विचारले. नातीकडून इंटरनेटवरचं वाचून घेतलं. जे समजलं ते इथे मांडतो.

पहिलं म्हणजे त्या कार्डाचं. आभा हा शब्दकोशातला शब्द नाहीच. 'आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट' या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो जोड आहे. १५ ऑगस्ट २०२० ला राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहीम जाहीर झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत राबवली गेली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झाली. तेव्हा या क्रमांकाला हेल्थ आयडी म्हणत, पुढे त्याचं नाव आभा झालं. हा चौदा आकडी नंबर आहे. त्याचं काम एवढंच, की तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या आणि डिस्चार्जचे कागद वेगवेगळ्या दवाखान्यांतून या एका नंबराला जोडता यावेत. या नंबरावर एक पैसाही मिळत नाही. तो काढणं ऐच्छिक आहे. देशात असे सत्तर कोटींहून जास्त नंबर निघाले आहेत.

दुसरं आयुष्मान कार्ड. हे विम्याचं कार्ड. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, तिचं हे कार्ड. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्यात भरती होऊन घ्यायचा उपचार यात बसतो. आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्याशी जोडलेली आहे.

तिसरं आमच्या वयाच्या लोकांचं, वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते मी नंतर काढलं. काढताना दहा प्रश्न विचारले, तेव्हा तो पोरगा कंटाळून म्हणाला, "आजोबा, तुम्ही फक्त अंगठा ठेवा."

आता नावांचा घोळ बघा. आभामध्ये आयुष्मान भारत आहे. विम्याच्या योजनेत आयुष्मान भारत आहे. गावातल्या उपकेंद्राच्या पाटीवर हल्ली आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं. २०२३ च्या सप्टेंबरात जी मोहीम निघाली तिचं नाव होतं आयुष्मान भव, आणि त्या मोहिमेत आयुष्मान कार्डं आणि आभा दोन्हींचं काम धरलेलं होतं. आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्या मंत्रालयाचं नाव आयुष, ते आणखी वेगळंच. वर्गात एकाच नावाची पाच मुलं असली तर आम्ही आडनावावरून, गावावरून हाक मारायचो, नाहीतर एकाची छडी दुसऱ्याला बसायची. इथे माझ्या विद्यार्थ्याला अशीच दुसऱ्याची छडी बसली.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. त्याच्याकडे केशरी रेशनकार्ड होतं. म्हणजे फुले योजनेत तो आधीपासूनच बसत होता! ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, आणि त्या आठांत आपला अमरावती जिल्हा होता. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. हृदयाचे पुष्कळ उपचार तिच्यात आहेत. २०२४ पासून तर सर्वच रेशनकार्डधारकांना तिचा लाभ आहे. पण तो ज्या दवाखान्यात गेला, तो त्या योजनेतला नव्हता. योजनेतला दवाखाना त्याच शहरात होता.

सरकारी कागदात अशा दवाखान्याला 'अंगीकृत रुग्णालय' म्हणतात. मी त्याला विचारलं, "अंगीकृत म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "आंगाचं ऑपरेशन करते तो असन." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. चूक त्याची नाही. अंगीकृत हा शब्द मी चाळीस वर्षं मराठी शिकवून बोलताना कधी वापरला नाही. "योजनेतला दवाखाना" असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

तेव्हा कोणी असं समजू नये की मास्तर इंग्रजी शब्दांच्या विरोधात मोर्चा काढतो आहे. आपल्याकडे परिभाषेचा हट्ट जुना आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी दिनांक आणि महापौर असे शब्द दिले, ते चांगले रुजले. राज्य झाल्यावर भाषा संचालनालय निघालं, त्याने पदनाम कोश काढला, तर त्याची बदनाम कोश म्हणून थट्टाही झाली. म्हणजे शब्द मराठी असला की लोकांना कळतो असं काही नाही, आणि इंग्रजी असला की कळत नाही असंही नाही. केसपेपर, रेफर, सलाईन, शुगर, फाईल हे शब्द मेळघाटातल्या म्हातारीलाही कळतात. "पेशंट रेफर केला" म्हटलं की घरचे लगेच गाडीचं बघतात. उलट 'वाहक' हा अस्सल मराठी शब्द घ्या. सिकलसेलच्या तपासणीत एका मुलाला सांगितलं की तू वाहक आहेस. तो घरी जाऊन म्हणाला, मी कुठे एसटीत नोकरीला आहे? एसटीत कंडक्टरला वाहक म्हणतात ना! त्याच्या अंगात आजाराचं एक बीज आहे, त्याला स्वतःला सहसा त्रास होणार नाही, पण लग्न दुसऱ्या वाहकाशी झालं तर मुलाला आजार होऊ शकतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी होते, नोंद कॉम्प्युटरमध्ये जाते, कार्ड हाती येतं. आणि मुलगा एसटीचा विचार करत घरी जातो.

थोडं विषयांतर झालं. पण मला जे म्हणायचं आहे त्याच्या जवळच आलो आहे.

मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाही, हेही सांगून ठेवतो. माझे स्वतःचे पंधरा वर्षांचे कागद एका कापडी थैलीत आहेत. एका पावसाळ्यात घर गळलं आणि त्यातले निम्मे एकमेकांना चिकटले. नवे डॉक्टर विचारतात, आधी कोणती गोळी होती? मी सांगतो, पांढरी, मधे रेघ असलेली. ते कपाळाला हात लावतात. मेळघाटातून येणाऱ्या माणसाची तर थैलीही नसते. धारणीला एक चिठ्ठी, अचलपूरला दुसरी, अमरावतीच्या इर्विनला तिसरी, पुढे नागपूरच्या मेडिकलला चौथी. प्रत्येक ठिकाणी रक्त नव्याने तपासायचं आणि कहाणी नव्याने सांगायची. अशा माणसाचा कागद त्याच्या आधी पुढच्या दवाखान्यात पोचला तर जीव वाचू शकतो. म्हणून आभासारखी सोय हवीच आहे.

यातला 'इंटरऑपरेबिलिटी' हा जिभेला गाठ पाडणारा शब्द मी आमच्या शकुंतलेवरून समजून घेतला. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला आता बंद आहे, पण ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना आठवत असेल. तिचे रूळ अडीच फुटी. मूर्तिजापूरला मुंबईची मोठी लाइन. शकुंतलेचा डबा काही मोठ्या रुळावर चढत नसे, म्हणून पेटी डोक्यावर घेऊन गाडी बदलावी लागे. दवाखान्यांच्या कॉम्प्युटरचं तसंच आहे. एकाने साखर एका पद्धतीने लिहिली, दुसऱ्याने दुसऱ्या, तर एकाचा कागद दुसऱ्याच्या मशीनला वाचता येत नाही. सगळ्यांनी एकाच मापाचे रूळ टाकले तर डबा सरळ जाईल. या रुळांना म्हणजे मानकाला 'फायर' असं नाव आहे, तेही आद्याक्षरांचंच. आता हे नाव दवाखान्यात मोठ्याने घेतलं तर लोक खिडकीतून उड्या मारतील! पण ते आपल्याला माहीत नसलं तरी चालतं. रूळ किती फुटी आहेत हे न कळताही आपण प्रवास केलाच की.

म्हणजे या शब्दांचे दोन ढीग करता येतात. एक, रुळांचे शब्द. ते कॉम्प्युटरवाल्यांना कळले की पुरे. दोन, तिकिटाचे शब्द. ते मात्र प्रवाशाला कळलेच पाहिजेत, कारण तिकीट कुठपर्यंतचं आहे आणि त्याचे पैसे कोण देणार हे त्यालाच ठरवायचं असतं. माझ्या यादीत तिकिटाचे शब्द असे निघाले: आभा, आयुष्मान कार्ड, योजनेतला दवाखाना, आरोग्यमित्र, पूर्वपरवानगी, ओटीपी आणि संमती. सातच.

आरोग्यमित्र हा चांगला शब्द आहे. योजनेतल्या दवाखान्यात याचं टेबल असतं, रेशनकार्ड-आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचं. पूर्वपरवानगी म्हणजे दवाखाना तुमचे कागद योजनेच्या कार्यालयाला कॉम्प्युटरवरून पाठवतो आणि उपचाराला होकार मागतो, ती. दवाखान्यातली मुलं तिला 'प्रीऑथ' म्हणतात. "प्रीऑथ पेंडिंग आहे" असं ऐकलं की नातेवाईकाला वाटतं पेशंटलाच काहीतरी झालं. तातडीच्या वेळी फोनवर परवानगी घेण्याची सोय आहे, हे तर फार थोड्यांना ठाऊक असतं. कुठला दवाखाना योजनेत आहे हे विचारायला १५५३८८ आणि १४५५५ हे नंबर आहेत. मी ते खडूने आमच्या ओट्याच्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत.

राहिला शेवटचा शब्द, संमती. सगळं अडतं ते इथेच.

आभाची रचना मी ऐकली तेव्हा मला ती खरोखर आवडली. तुमचे सगळे कागद दिल्लीला एका कपाटात नेऊन ठेवलेले नसतात. ज्या दवाखान्यात झाले तिथेच ते राहतात. सातबारा जसा तलाठ्याच्या दफ्तरात असतो आणि आपण लागेल तेव्हा उतारा काढतो, तसं. दुसऱ्या डॉक्टरला ते बघायचे असतील तर त्याने मागणी करायची. त्या मागणीत कशासाठी पाहिजे, कोणते कागद, कोणत्या तारखेपासूनचे आणि किती दिवसांसाठी, हे सगळं लिहिलेलं असावं लागतं. तुम्ही हो म्हटलं तरच ते जातील. दिलेली संमती परत घेता येते. कागदावर याहून सभ्य व्यवस्था मला तरी सुचली नसती.

पण प्रत्यक्षात काय होतं? शिबिरात मी काय पाहिलं ते सांगतो. मुलगा आधारचा नंबर टाकतो, समोरच्याच्या मोबाईलवर आकडे येतात. मुलगा म्हणतो, "ओटीपी सांगा." माणूस चष्मा शोधतो, किंवा फोन त्याच्याच हातात देतो. मुलगा आकडे वाचतो, टाकतो. पडद्यावर इंग्रजी मजकुराचा एक लांबलचक परिच्छेद येतो, त्याच्या खाली चौकट, तिच्यात मुलगाच बरोबरची खूण करतो. झालं. मशीनमध्ये कायमची नोंद झाली, की या माणसाने समजून-उमजून संमती दिली. दोन दिवसांत अशा किती संमत्या माझ्यासमोर झाल्या! त्यातल्या एकाही माणसाला विचारलं असतं, तू कशाला हो म्हटलंस, तर त्याने सांगितलं असतं, "पाच लाखाले." कारण मीच तसं सांगत होतो.

त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याला दिवसाचे आकडे पूर्ण करायचे असतात. आम्हालाही पटनोंदणीचे आकडे पूर्ण करायचे असायचे. रजिस्टरमध्ये मूल दाखल झालं, की ते शिकलं असं धरायचं. पुढे तेच मूल सातवीत येऊन स्वतःचं नाव चुकीचं लिहितं, तेव्हा कळतं की दाखल होणं वेगळं आणि शिकणं वेगळं.

कायद्याचं म्हणाल तर तो झाला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्यात असं आहे, की संमती मागताना मजकूर साध्या आणि स्पष्ट भाषेत असावा, आणि माणसाला तो इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची मुभा असावी. मराठी त्या अनुसूचीत आहे. छान झालं. पण परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढला की कोरकू बोलणाऱ्यांची गावं लागतात. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर होते. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्याच कुळातली संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आली, कोरकू मात्र बाहेरच आहे. म्हणजे ज्या आईला मराठीच तुटकतुटक कळते, तिची संमती तिच्या भाषेत मागण्याचं बंधन कायद्यातही नाही. आणि कुपोषणाचे, सिकलसेलचे सगळ्यात जास्त तक्ते भरले जातात ते तिच्याच घरचे.

भाषा उशिरा पोचली की काय होतं हे आपण २०२१ मध्ये पाहिलं आहे. त्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेचा तडाखा राज्यात सुरुवातीला ज्या जिल्ह्यांना बसला त्यांत आपला अमरावती होता. लशीची नोंदणी कोविन पोर्टलवर, आणि ते सुरुवातीला इंग्रजीत. मराठीसह इतर भाषा तिथे आल्या जूनमध्ये. तोपर्यंत लाट ओसरत आली होती. इंग्रजी येणाऱ्या शहरी पोरांनी खेड्यातल्या केंद्रांवरचे नंबर लावले आणि गाडीने येऊन लस घेऊन गेले, गावातले लोक बघत राहिले. हे आमच्या भागात पुष्कळांनी पाहिलेलं आहे.

मग करायचं काय? कुणी म्हणेल, मास्तर, एवढे शब्द एवढ्या लोकांना कोण समजावणार? मला दोन गोष्टी आठवतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आजूबाजूच्या गावांसाठी आरोग्य विमा काढला, त्याचा हप्ता ज्वारीत घेत. सुगीला घरटी ज्वारी द्यायची आणि वर्षभर दवाखान्यात सवलत घ्यायची. 'विमा' हा शब्द ज्याला कळत नव्हता त्यालाही पायली कळत होती. दुसरी गोष्ट अंगणवाडीतली. मुलाच्या दंडाला गुंडाळायची ती रंगीत पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. सेविका वहीत आणि मोबाईलमध्ये 'सॅम', 'मॅम' असं लिहिते, आईला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण पट्टी लालवर आली की ती स्वतःच घाबरून विचारते, भरती करावं लागेल का? शब्द न वापरताही समजावता येतं, समजावणाऱ्याला गरज वाटली पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी धडा शिकवून झाला की विचारायचो, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हो सर!" मी खूश. तिमाहीचे पेपर तपासले तेव्हा डोळे उघडले. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "समजलं का असं विचारू नका, पोरं हो म्हणणारच. काय समजलं ते सांग, असं विचारा." पुढे निवृत्तीपर्यंत मी तेच केलं. एकेकाला उभं करायचं, "सांग पाहू, काय समजलं?" वेळ लागायचा, अभ्यासक्रम मागे पडायचा, पण कुठे गाडं अडलंय हे लगेच कळायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ओटीपी हा "हो सर" आहे. ती संमती नव्हे. समोरच्या माणसाने आपल्या शब्दांत, वऱ्हाडीत, कोरकूत, हिंदीत, जसं येईल तसं, तीन गोष्टी परत सांगितल्या पाहिजेत: हे कार्ड कशाचं आहे, याने मला काय मिळेल, आणि माझं काय कोणाला दिसेल. त्याने सांगितलं, की मग टाका आकडे. एका माणसामागे दोन मिनिटं जास्त लागतील. दिवसाचे आकडे कमी होतील, होऊ द्या. सत्तर कोटींतल्या किती जणांना ही तीन उत्तरं देता येतील, हा आकडा मला एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आणि हे काम करायला आशाताईंइतकं योग्य कोणी नाही. त्या २००५ पासून घरोघर जाताहेत, त्यांना गावाची भाषा येते. फक्त त्यांच्या मोबदल्याच्या यादीत 'समजावून सांगणे' ही ओळ धरावी लागेल, नाहीतर त्यांनी तरी फुकट किती करायचं?

अजून एक. दवाखान्याच्या दारात पाट्या पुष्कळ असतात, त्यात एक पाटी या सात शब्दांची असावी. पाटीवरची भाषा मुंबईहून येऊ नये. परतवाड्याची पाटी परतवाड्यात लिहावी आणि चिखलदऱ्याची चिखलदऱ्यात. लिहिल्यावर ती ओपीडीच्या रांगेतल्या दहा जणांकडून वाचून घ्यावी आणि त्यांना ज्या शब्दावर अडखळायला होईल तो पुसून टाकावा.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी त्या संध्याकाळी काय सांगितलं ते राहिलंच. मी त्याला सांगितलं, "अरे, चूक माझी झाली. मला माहीत नव्हतं आणि मी तुला माहीत असल्यासारखं सांगितलं." तो अवघडला. म्हणाला, "जाऊ द्या नं सर, तुमी काय मुद्दाम सांगतलं का?" त्याने असं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. वर्गात एखादी तारीख चुकीची सांगितली तर दुसऱ्या दिवशी खोडून दुरुस्त करता येते. ही चूक दीड लाखाची होती, आणि ती मला खोडता येत नाही. उचलीतला थोडा भार घेतो म्हटलं, तर त्याने हात जोडले.

जाताना त्याने विचारलं, "मंग हे आभा फेकून देऊ का?"

"नको," मी म्हटलं, "ठेव. बायकोचे हृदयाचे कागद याला जोडून घे, पुढे कामात येतील. आणि रेशनकार्ड घेऊन उद्या ये, आपण दुसरं कार्ड काढायला जाऊ." मग मी त्याला थांबवलं. नववीनंतर पहिल्यांदाच.

"सांग पाहू, काय समजलं?"

तो दारात उभा राहिला, पोरांच्या बैलांकडे बघत थोडा विचार केला आणि म्हणाला, "हे कागदाचं. ते पैशाचं. दवाखान्यात गेलो का आंदी आरोग्यमित्राचा टेबल पाहाचा. नसला त् दुसऱ्या दवाखान्यात जाचं."

सरकारच्या माहितीपत्रकापेक्षा चांगलं सांगितलं त्याने. ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. परतवाड्याची पाटी कधी लागलीच, तर तिची पहिली ओळ तयार आहे.

असो. तुमच्या घरात कार्डं असतीलच. आज जेवण झाल्यावर ती काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, यातलं कुठलं कशाचं? उत्तर येतं का ते बघा.